कायद्यातली चाळणी आणि गटारातला दाणा

पर्यावरणाचा कोणताही नवा नियम सुचवला, की पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. निरीक्षक किती लागतील, लहान उद्योजकाला किती भुर्दंड बसेल, शेवटी वस्तू किती महागेल? प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारलाच पाहिजे. परंतु हिशेबाला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात, आणि नियम केल्याचा खर्च मांडायचा असेल, तर नियम न केल्याचा खर्चही त्याच वहीत मांडावा लागतो. प्लास्टिकच्या दाण्याच्या बाबतीत हे दुसरे पान आपण आजवर कोरेच ठेवले आहे. ते भरून पाहिले तर काय दिसते, एवढेच या टिपणात मांडायचे आहे.

प्रथम दाणा म्हणजे काय ते पाहू. बादली, पाइप, खुर्ची, दुधाची पिशवी, औषधाची बाटली या साऱ्या वस्तूंचा कच्चा माल एकाच रूपात कारखान्यात येतो. पेट्रोरसायन प्रकल्पात तयार झालेले पॉलिमर मसुराएवढ्या, दोन ते पाच मिलिमीटर आकाराच्या गोळ्यांत कापले जाते आणि बहुधा २५ किलोच्या गोण्यांत भरून देशभर जाते. जगात या गोळ्यांना नर्डल म्हणतात. आपल्या व्यापारात त्यांना सरळ ‘दाणा’ म्हणतात. एका दाण्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम धरले, तर किलोत ५०,००० दाणे होतात आणि एका गोणीत साडेबारा लाख. गोणीला आकडा लागून एक भोक पडले, तर काय विखुरते याची कल्पना यावरून यावी.

दाणा सांडतो तो कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे. गोणी ट्रकमध्ये चढवताना, गोदामात उतरवताना, यंत्राच्या नरसाळ्यात ओतताना, टँकरचा नळ जोडताना थोडा थोडा सांडतो. जमिनीवर पडलेला दाणा झाडून घेतला नाही, तर पहिल्या पावसात तो अंगणातून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो. पुढचा प्रवास घनतेवर ठरतो. पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलके असल्यामुळे त्यांचे दाणे तरंगत समुद्र गाठतात. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी आणि पाइपांचे पीव्हीसी पाण्याहून जड असल्यामुळे ते दाणे नदीच्या गाळात बसतात. म्हणजे किनाऱ्यावर जो दाणा दिसतो, तो सांडलेल्या मालाचा केवळ तरंगणारा भाग होय. तळाशी गेलेल्याचे मोजमाप सहसा होतच नाही.

हे ज्ञान नवे नाही. सरगॅसो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण आणि गोळ्या सापडल्याची नोंद एडवर्ड कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केली होती. जपानी संशोधक हिदेशिगे ताकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की समुद्रात तरंगणारा दाणा पीसीबी आणि डीडीटीपासून होणारे डीडीई यांसारखी प्रदूषके स्वतःकडे ओढून घेतो आणि भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत ती लाखपटीने साठवतो. माशांच्या अंड्यासारखा दिसणारा हा दाणा पक्षी आणि मासे गिळतात, हेही अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे.

भारतातही पुरावा आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर मार्च २०१५ मध्ये केलेली दाण्यांची मोजणी आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील पुरानंतरची मोजणी यांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुरानंतर दाण्यांचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले होते, आणि कूवम व अड्यार या नद्यांनी ताजे दाणे जमिनीवरून वाहून आणले, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी गोव्याच्या किनाऱ्यांवरील दाण्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. तेथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्राकडून दाणे किनाऱ्यावर येत असल्याचे आढळले. एका ठिकाणी नदी दाणा आणते, दुसऱ्या ठिकाणी समुद्र. सांडण्याची जागा मात्र दोन्हीकडे माणसाच्या हाताखालचीच असते.

आता हिशेबाकडे येऊ. दाण्याचा बाजारभाव प्रकाराप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतो. किलोला शंभर रुपयांच्या आसपास धरू. कारखान्याच्या अंगणात दिवसाला एक किलो दाणा सांडला, तर मालकाचे नुकसान शंभर रुपये. एवढ्यासाठी तो माणूस नेमणार नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात त्याची चूकही काढता येत नाही. पण तोच एक किलो वाळूत पसरला, तर त्याचे ५०,००० दाणे होतात. सेकंदाला एक या न थांबणाऱ्या वेगाने कोणी ते टिपत बसले, तरी जवळजवळ चौदा तास लागतील. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. दिवसाची मजुरी पाचशे रुपये धरली, तर शंभर रुपयांचा माल परत मिळवायला हजार रुपये लागतात. चाळणीने काम लवकर होईल, हे खरे. पण चाळणीला वाळूत पुरलेला, खारफुटीच्या मुळांत अडकलेला, गाळात बसलेला दाणा सापडत नाही.

सगळा प्रश्न या एका आकडेमोडीत सामावलेला आहे. दाणा सांडू न देणे स्वस्त आहे, परंतु तो सांडल्याने सांडणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. उचलणे महाग आहे, परंतु ते बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते. असा व्यवहार बाजार आपोआप सुधारत नाही. तेथे नियम लागतो.

हे बिल कोणाच्या नावावर फाटते, ते केरळने २०२५ मध्ये पाहिले. विळिंजमहून कोचीला निघालेले लायबेरियाच्या ध्वजाखालील ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज २४ मे रोजी कलंडले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. सर्व २४ खलाशी वाचले. जहाजावर सहाशे चाळीसच्या आसपास कंटेनर होते; तेरांत घातक माल होता, त्यांपैकी बारांत कॅल्शियम कार्बाइड. प्लास्टिकचा दाणा त्या ‘घातक’ यादीत नव्हता. परंतु पुढच्या काही दिवसांत तिरुवनंतपुरमपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे धनुष्कोडीपर्यंत किनाऱ्यावर पांढरा थर साचला, तो दाण्यांचाच. ज्याला कागदोपत्री निरुपद्रवी ठरवले होते, त्याने सर्वांत लांबचा किनारा व्यापला.

बुडालेल्या जहाजाभोवती वीस सागरी मैलांत मासेमारीला बंदी झाली. राज्य सरकारने बाधित जिल्ह्यांतील मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी एक हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ जाहीर केले. किनारे साफ करण्यासाठी स्वयंसेवक उतरले. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला: प्रदूषणाच्या हानीपोटी सुमारे ८,६२६ कोटी, मच्छीमारांच्या आर्थिक नुकसानीपोटी ५२६ कोटींहून अधिक आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी ३७८ कोटींहून अधिक. हा दावा केवळ दाण्यांचा नाही. त्यात तेल आणि इतर मालही आला. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तारण म्हणून १,२२७.६२ कोटींची रक्कम निश्चित केली. अंतिम आकडा काहीही ठरो, क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मच्छीमाराचे नुकसान पहिल्या दिवशी झाले. भरपाईचा वाद वर्षानुवर्षे चालणार.

किती वर्षे, याची कल्पना श्रीलंकेवरून येते. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला आग लागली आणि जूनमध्ये ते बुडाले. सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. आपल्या मघाच्या हिशेबाने ८,४०० कोटी दाणे. दाण्यांच्या सांडणीची एवढी मोठी घटना त्याआधी नोंदली गेलेली नव्हती. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक अब्ज डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला, तो जुलै २०२५ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने एवढी रक्कम देणार नसल्याचे जाहीर केले.

आपला देशी अनुभवही याहून फार वेगळा नाही. राजस्थानातील बिछडी गावाच्या विहिरी रसायनांनी नासल्या, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी’ हे तत्त्व ठामपणे मांडले. विधीच्या पाठ्यपुस्तकांत तो निकाल मानाने शिकवला जातो. परंतु २०११ मध्ये, पंधरा वर्षांनंतरही, त्याच न्यायालयाला थकलेल्या रकमेवर चक्रवाढ व्याज लावून ती भरण्याचा आदेश द्यावा लागला. तत्त्व निर्विवाद होते. वसुली मात्र रखडली. त्यामुळे ‘नियम कशाला, नुकसान झाले तर दंड करू’ या भूमिकेचा आधार फार कच्चा आहे. दंड ही नंतरची गोष्ट आहे, आणि सांडलेला दाणा परत गोणीत जात नाही.

मग नियम करायचा तर काय अडते? येथे विद्यार्थ्यांनी आपल्या कायद्यांच्या व्याख्या लक्षपूर्वक वाचाव्यात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार प्लास्टिक कचरा म्हणजे वापरानंतर किंवा अपेक्षित उपयोग संपल्यानंतर टाकून दिलेले प्लास्टिक. सांडलेल्या दाण्याचा वापर झालेलाच नसतो आणि त्याचा उपयोग संपलेलाही नसतो. तो सुरूच झालेला नसतो. तेव्हा व्याख्येच्या काटेकोर अर्थाने तो कचरा ठरणे अवघड. याच नियमांत २०२४ मध्ये सूक्ष्मप्लास्टिकची व्याख्या आली: एक ते एक हजार मायक्रॉन, म्हणजे जास्तीत जास्त एक मिलिमीटर. दाणा दोन ते पाच मिलिमीटरचा; तोही बाहेर. विज्ञानाच्या लेखनात पाच मिलिमीटरपर्यंतचे कण सूक्ष्मप्लास्टिक मानण्याची प्रथा आहे. आपल्या नियमाच्या दृष्टीने मात्र दाणा कचराही नाही आणि सूक्ष्मप्लास्टिकही नाही.

परंतु याच कायद्यांच्या कपाटात उत्तरही आहे. १९७४ च्या जल अधिनियमातील प्रदूषणाच्या व्याख्येत द्रव आणि वायू यांच्याबरोबर घन पदार्थ पाण्यात सोडणेही येते, प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष. आणि पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी एक अट आहे: त्यातील निलंबित घनकण ८५० मायक्रॉनच्या चाळणीतून गेले पाहिजेत. कोणताही दाणा त्या चाळणीतून जाणार नाही. म्हणजे चाळणी कायद्यात आधीच आहे! अडचण एवढीच, की ती सांडपाण्याच्या नळासाठी आहे, आणि दाणा नळातून जात नाही. तो माल चढवायच्या फलाटावरून आणि पावसाच्या पाण्याच्या गटारातून जातो. शिवाय किनारी समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी हीच अनुसूची तरंगणाऱ्या घनकणांना तीन मिलिमीटरची मुभा देते, जिच्यात लहान दाणे सुखेनैव बसतात.

म्हणून माझे म्हणणे असे: यासाठी नवा अधिनियम नको, नवे प्राधिकरणही नको. जी चाळणी नळाला लागते, ती दाणा हाताळणाऱ्या प्रत्येक आवाराच्या पावसाळी गटाराला लावणे बंधनकारक करावे, किनारी पाण्याची तीन मिलिमीटरची मुभा दाण्यांपुरती काढून घ्यावी, आणि सांडलेला दाणा ‘घन प्रदूषक’ आहे असे नियमांत स्पष्ट लिहावे. गटारावर जाळी, गोणी फोडण्याच्या जागी खाली तबक, हाताशी झाडू आणि शोषणयंत्र, भरलेली जाळी रिकामी करण्याची नोंदवही: बंदोबस्त म्हणजे मुख्यतः एवढाच.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला लहान उद्योगांचा. वसई, दमण, सिल्वासा, दिल्लीतील बवाना अशा ठिकाणी प्लास्टिकवर प्रक्रिया करणारी असंख्य लहान युनिटे आहेत. त्यांच्यावर प्रमाणपत्रांचा आणि शुल्कांचा बोजा टाकला, तर मोठे तगतील आणि लहान बुडतील. हे टाळता येते. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दाण्यांच्या गळतीबाबत जो नियम संमत केला, त्यात वर्षाला पाच टनांहून कमी दाणा हाताळणाऱ्यांना बहुतेक बंधनांतून वगळले आहे. त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र लागते ते १,५०० टनांच्या वर. त्याखालच्यांना आणि सूक्ष्म उद्योगांना स्वतःचे घोषणापत्र पुरते. ते आकडे आपण जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही, पण पायऱ्यांचे तत्त्व घेण्यासारखे आहे. युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये त्या प्रदेशात ५२,१४० ते १,८४,२९० टन दाणा वाया गेला. दोन आकड्यांतले प्रचंड अंतर पाहा. नेमके किती सांडते हे तेथेही कोणाला ठाऊक नव्हते. तरीही नियम करण्याइतके निश्चितच ठाऊक होते.

दुसरा आक्षेप सरकारी यंत्रणेचा. प्रदूषण नियंत्रण मंडळांत मनुष्यबळ अपुरे आहे आणि रिक्त पदांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. हातात आधीच असलेले काम होत नाही, तेथे आणखी एक काम कशाला? परंतु दाण्याची तपासणी इतर तपासण्यांसारखी नाही. पाण्यातला पारा मोजायला प्रयोगशाळा लागते. गटारातला दाणा पाहायला डोळे पुरतात. आवाराबाहेरच्या नाल्यात ताजे पांढरे दाणे असतील, तर बंदोबस्त फसला, एवढे शाळकरी मूलही सांगू शकेल. अमेरिकेत टेक्सास राज्यात फॉर्मोसा प्लास्टिक्स या कंपनीविरुद्ध उभ्या राहिलेल्या डायेन विल्सन या कोळंबी पकडणाऱ्या बाई. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाडीकाठी हिंडून दाण्यांचे दोन हजारांहून अधिक नमुने गोळा केले आणि तोच पुरावा न्यायालयात ग्राह्य ठरला. २०१९ मध्ये कंपनीने पाच कोटी डॉलर देऊन आणि यापुढे एकही दाणा बाहेर जाणार नाही असे बंधन स्वीकारून तडजोड केली. आपल्याकडे नागरिकांच्या अशा नोंदी स्वीकारण्याची सोय मंडळांनी केली, तर निरीक्षकांची उणीव काही अंशी भरून निघेल. निरीक्षकाची जागा नागरिकाने घ्यावी असे नव्हे. पण कोठे जायचे हे त्याला नागरिक सांगू शकतो.

पैशाचा भार कोणी उचलायचा, हा मूळ प्रश्न आता सोपा होतो. जाळी, तबक आणि झाडू यांचा खर्च हाताळणाऱ्याचा. मोठ्या साठ्यांच्या तपासणीचा खर्च दाणा तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या शुल्कातून यावा. लहान युनिटांना जाळ्या बसवून देण्यासाठीही त्यातूनच मदत व्हावी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळांना भरपाई वसूल करण्याचा आणि संभाव्य हानीपोटी आधीच बँक हमी घेण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. तेव्हा अपघातानंतर दारोदार फिरण्याऐवजी हमी आधी घेता येते. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये शिफारशी केल्या: मजबूत वेष्टन, कंटेनरमध्ये दाणा असल्याची स्पष्ट माहिती, आणि असे कंटेनर शक्यतो डेकखाली ठेवणे. त्या ऐच्छिक आहेत. ज्या देशाच्या किनाऱ्यावर ‘एल्सा’चा थर साचला, त्या देशाने त्या बंधनकारक व्हाव्यात म्हणून पुढाकार घ्यायला हवा.

एक खर्च मात्र सरकारनेच करावा आणि तो कोणावरही ढकलू नये, तो मोजणीचा. ठरावीक नद्यांच्या मुखांशी आणि ठरावीक किनाऱ्यांवर, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, दरवर्षी एकाच पद्धतीने दाणे मोजले गेले पाहिजेत. चेन्नईचा निष्कर्ष काढता आला, कारण पुराच्या आधीची मोजणी हाताशी होती. आधीचा आकडा नसेल, तर न्यायालयात नुकसान सिद्ध करता येत नाही आणि नियम लागू केल्याचा उपयोग झाला की नाही, तेही कळत नाही. उद्योगाने स्वतःची मोजणी स्वतः करावी अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल. महाविद्यालये, विद्यापीठांचे प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभाग आणि किनारी संशोधन संस्था मिळून हे काम फार थोड्या पैशांत करू शकतात.

नियमाचा खर्च दिसतो, कारण तो अर्थसंकल्पात लिहिला जातो. नियम नसल्याचा खर्च दिसत नाही, कारण तो जाळ्यात मासळीऐवजी दाणे आलेल्या मच्छीमाराच्या घरात आणि वाळू चाळणाऱ्या स्वयंसेवकाच्या कंबरेत लिहिला जातो. त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो खर्चच नाही असे मानायचे का? सार्वजनिक पैशाची खरी काळजी असणाऱ्याने दाण्याचा नियम महाग आहे असे म्हणण्यापूर्वी ८५० मायक्रॉनच्या एका चाळणीची किंमत विचारावी, आणि मग धनुष्कोडीच्या वाळूतून एक किलो दाणे वेचायला काय पडते, तेही विचारावे.